गाडीत स्क्रीन आणि गेम कन्सोल बसवताय? आधी हँडब्रेकची ती एक वायर समजून घ्या

मार्च २०२५ मधली गोष्ट आठवतेय? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दादरहून स्वारगेटला निघालेली ई-शिवनेरी. स्टेअरिंगवर बसलेला चालक मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघतोय आणि बस पळतेय. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढला आणि थेट मुख्यमंत्री आणि परिवहन मंत्र्यांना टॅग करून टाकला. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्या आदेशानंतर चालकाला कामावरून काढलं गेलं आणि ज्या खासगी कंपनीची ती बस होती तिला ५ हजार रुपये दंड झाला. व्हिडिओखाली सगळ्यांनी चालकाला मनसोक्त शिव्या घातल्या.

आता जरा नाशिकच्या कुठल्याही कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चला. नऊ-दहा इंची अँड्रॉईड स्टिरिओ बसवून घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतो, "चालू गाडीत व्हिडिओ दिसेल ना?" फिटरचं उत्तरही तयार असतं, "दिसेल ना दादा, बायपास करून देतो." दहा मिनिटांचं काम. म्हणजे शिवनेरीच्या चालकाने जे मोबाईल अडकवून केलं, तेच आपण आपल्या गाडीत कायमचं बसवून घेतो, तेही पैसे देऊन.

त्यात आता नवीन भर पडलीये गेम कन्सोलची. मागच्या सीटवर मुलांसाठी स्क्रीन, तिला जोडलेला निन्टेन्डो स्विच किंवा थेट प्लेस्टेशन, अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. हे करता येतं का? येतं. पण कसं जोडलंय, यावर ती गंमत आहे की धोका हे ठरतं. म्हणून आज वायरीपासूनच सुरुवात करू.

बायपास म्हणजे नक्की काय करतात?

स्टिरिओच्या मागे वायरींचा गुच्छ असतो. त्यातल्या तीन महत्त्वाच्या. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली, काळी म्हणजे अर्थ आणि लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी. याशिवाय व्हिडिओ दाखवणाऱ्या स्टिरिओला आणखी एक बारीक वायर असते, ती हँडब्रेकची.

तिचं काम साधं आहे. तुम्ही हँडब्रेक ओढला की त्याखालचा स्विच ती वायर अर्थला जोडतो. स्टिरिओला कळतं की गाडी उभी आहे, मग तो व्हिडिओ चालू देतो. हँडब्रेक सोडला की अर्थ तुटतो, व्हिडिओ बंद होतो आणि फक्त आवाज राहतो.

बायपास म्हणजे ही बारीक वायर हँडब्रेकच्या स्विचकडे नेण्याऐवजी तिथल्या तिथे काळ्या वायरीला पिळून टाकायची. बस्स. आता स्टिरिओच्या दृष्टीने तुमची गाडी कायम उभीच आहे, मग ती समृद्धी महामार्गावर १२० ने का पळत असेना. काही कंपन्यांना ही चलाखी माहीत होती. त्यांनी हँडब्रेक एका ठराविक क्रमाने ओढ-सोड केल्याशिवाय व्हिडिओ सुरू होणार नाही अशी सोय केली. तर बाजारात तो क्रम आपोआप करणारं छोटं मॉड्यूल आलं. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉईड स्टिरिओत तर वायरीलाही हात लावावा लागत नाही. सेटिंगमध्ये गाडी चालू असताना व्हिडिओ दाखवायचा की नाही असा एक पर्याय असतो, फिटर तो बदलून देतो.

म्हणजे अख्ख्या सिस्टीममधली ड्रायव्हरला वाचवणारी जी एकच गोष्ट होती, ती आपण स्वतः सांगून काढून घेतो.

हे लॉक ठेवलंय कशाला?

गणित करून बघा. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती साधारण २८ मीटर पुढे जाते. समृद्धीवर कारसाठी कमाल वेगमर्यादा १२० आहे. त्या वेगाने सेकंदाला ३३ मीटर. मॅचमध्ये विकेट पडली म्हणून तुम्ही फक्त दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी ६६ मीटर आंधळी गेली. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी सुमारे २० मीटर असते. म्हणजे तीन खेळपट्ट्या, डोळे मिटून.

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी पूर्ण झाला. नाशिककरांना मुंबईला जायला कसारा घाटाशिवाय दुसरा रस्ता मिळाला. रस्ता सरळ आणि सपाट, सिग्नल नाही. अशाच रस्त्यावर कंटाळा येतो आणि अशाच रस्त्यावर हात स्क्रीनकडे जातो.

मोठ्या कंपन्यांनीही ही चूक केलीये. टेस्लाच्या गाड्यांमध्ये मधल्या स्क्रीनवर गाडी चालू असतानाही गेम खेळता येत होता. म्हणायला ती सोय शेजारी बसणाऱ्यासाठी होती. पण स्क्रीन ड्रायव्हरच्याही समोर! डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची चौकशी सुरू केली आणि लगेच टेस्लाने सॉफ्टवेअर अपडेट देऊन चालत्या गाडीतला गेम बंद केला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एका टेस्लाचा जीवघेणा अपघात झाला होता. गाडी ऑटोपायलटवर होती. तपास यंत्रणेने निष्कर्ष काढला की चालकाचं लक्ष बहुधा मोबाईलवरच्या गेममध्ये होतं. म्हणजे गाडी 'स्वतः चालते' तिथेही हे चाललं नाही. आपल्या गाडीचं स्टेअरिंग तर आपल्याच हातात असतं.

म्हणूनच आज गुगल आणि ॲपल एकाच दिशेने चाललेत. २०२५ मध्ये दोघांनीही जाहीर केलं की अँड्रॉईड ऑटो आणि कारप्लेवर व्हिडिओ येणार, पण गाडी पार्क केलेली असतानाच. टाटाच्या ईव्हीमध्ये आर्केड.ईव्ही नावाची जी सोय आहे, तिचाही उपयोग हाच, गाडी चार्जिंगला लावली की वेळ घालवायला ओटीटी आणि गेम. म्हणजे स्क्रीनला कुणाचाच विरोध नाही. प्रश्न फक्त इतकाच की गाडी उभी आहे का.

कायद्यात कुठे बसतं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, स्क्रीन बसवणं. दोन, चालवताना ती बघणं.

दुसरी गोष्ट स्पष्ट आहे. २०१७ च्या मोटर वाहन चालन नियमांमध्ये ड्रायव्हरने गाडी चालवताना व्हिडिओ बघू नये किंवा चालवू नये असं म्हटलंय, अपवाद फक्त रस्त्याचा नकाशा बघण्याचा. धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याचं कलम १८४ लागलं तर पहिल्याच गुन्ह्यात १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. 'सिग्नलला उभा होतो' ही सबबही कामाची नाही. द्वारका चौकात गाडी थांबलेली असते, पार्क केलेली नसते. पुढची गाडी हलली की मागून हॉर्न सुरू होतात आणि त्या घाईतच समोरचा दुचाकीवाला दिसत नाही.

पहिली गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीमध्ये नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरोधात गाडीत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीने १८२अ हे कलम आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मग स्टिरिओ बदलणं बेकायदा का? आरसीवर इंजिन, चेसिस, रंग, आसनसंख्या अशा गोष्टी असतात, स्टिरिओ नसतो. म्हणून साधा स्टिरिओ किंवा मागची स्क्रीन यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. पण कन्सोल ठेवायला मधली सीट काढली, डॅशबोर्ड कापला किंवा दिव्यांची वायरिंग बदलली, तर गोष्ट वेगळी होते. साधा नियम लक्षात ठेवा. जे काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येतं ते ठीक, जे कापावं लागतं ते टाळा.

आता कन्सोलची वीज, सगळ्यात दुर्लक्षित भाग

घरी प्लग लावला की झालं. गाडीत तसं नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच वॉटसाठी अँपिअर जास्त, आणि अँपिअर जास्त म्हणजे वायर तापणार. कुठल्या कन्सोलला किती लागतं बघा.

निन्टेन्डो स्विचचा जुना ॲडाप्टर जास्तीत जास्त ३९ वॉट देतो. १२ व्होल्टवर हे तीन-साडेतीन अँपिअर. चांगल्या कंपनीचा टाईप-सी पीडी कार चार्जर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावला की काम भागतं. एकही वायर कापावी लागत नाही.

प्लेस्टेशन ५ मात्र गेम खेळताना २०० वॉटच्या आसपास जातो. तो २३० व्होल्टवर चालतो, म्हणजे मध्ये इन्व्हर्टर हवा. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून बॅटरीतून धरा २३५ वॉट. भागिले १२, म्हणजे जवळपास २० अँपिअर. आणि यात स्क्रीन धरलेलीच नाही.

बऱ्याच गाड्यांत लायटर सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा असतो. म्हणजे गेम रंगात आला की फ्यूज उडणार. इथेच खरी चूक होते. "फ्यूज सारखा उडतोय" म्हटलं की कुणीतरी तिथे ३० चा फ्यूज घालून देतो. अरे, फ्यूज कन्सोलला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो! वायर तीच बारीक, फ्यूज मोठा. आता उडायचं ते फ्यूज उडत नाही, वायर तापते.

किती तापते? समजा कुणी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली, जाऊन-येऊन सहा मीटर. तिचा रोध साधारण ०.१४ ओहम. २० अँपिअरला त्या वायरीतच २.८ व्होल्ट गळतात आणि ५६ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ६० वॉटची असते. म्हणजे कार्पेटखाली एक सोल्डरिंग इस्त्री पसरून ठेवल्यासारखं झालं. तेच ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर उष्णता ७ वॉटवर येते. फरक काही शे रुपयांचा, पण वायर कार्पेटखाली दिसत नाही म्हणून तिथेच पैसे वाचवले जातात.

बॅटरीचंही बघा. छोट्या कारची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद ठेवून २० अँपिअर ओढले तर तासाभरात ती अर्ध्यावर येईल, प्रत्यक्षात त्याआधीच. ही बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी करायला नाही. रात्री त्र्यंबकेश्वरला पार्किंगमध्ये दोन मॅच खेळलात तर परतताना धक्का मारायची तयारी ठेवा. आणि त्यावर उपाय म्हणून सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

आणखी एक. प्लेस्टेशन आणि स्विच दोन्ही ५ ते ३५ अंश तापमानात वापरायचे असतात. नाशिकला 'थंड हवेचं' म्हणायचे दिवस गेले, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी गाठतो. उन्हात उभ्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. कन्सोल, पॉवरबँक गाडीतच सोडून जाऊ नका.

मग मागच्या सीटवर नीट कसं बसवायचं?

मुलं मागे, स्क्रीन मागे, ड्रायव्हरला काहीही दिसत नाही. ही रचना योग्य आहे. कन्सोलचा एचडीएमआय थेट मागच्या स्क्रीनला द्या, पुढच्या स्टिरिओत घालूच नका. आवाज हेडफोनवर. पुढच्या स्टिरिओची हँडब्रेकची वायर जिथे हवी तिथेच, हँडब्रेकला.

स्क्रीन कुठे लावता हेही बघा. दोन पुढच्या सीटच्या मध्ये लटकवलेली स्क्रीन आरशात चमकते आणि रात्री पुढच्या काचेवर तिचं प्रतिबिंब पडतं. हेडरेस्टच्या मागे, घट्ट क्लॅम्पने लावलेली बरी. जोरात ब्रेक लागला की सैल टॅबलेट दगडासारखा सुटतो आणि समोर आपलंच पोर असतं. कन्सोल पायाशी मोकळा ठेवू नका, वायर ड्रायव्हरच्या पॅडलकडे जाता कामा नये.

खांबांच्या आतून किंवा सीटखालून वायर ओढताना पिवळ्या कव्हरची किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर हात लावू नका. ती एअरबॅगची. नवीन गाड्यांत छताच्या कडेलाही पडद्यासारखी एअरबॅग असते. तिच्या वाटेत स्क्रीन किंवा वायर आली तर ती नीट उघडणार नाही.

आणि गाडी लागण्याचं काय? कान मेंदूला सांगतात की आपण वळतोय, डोळे सांगतात की आपण स्थिर स्क्रीन बघतोय. या भांडणातूनच मळमळ होते. कसारा किंवा चंदनपुरी घाटात गेम बंद, खिडकीबाहेर बघा. आयफोन-आयपॅडवर २०२४ पासून स्क्रीनच्या कडेला हलणारे ठिपके दाखवणारी सोय आहे, काहींना तिचा उपयोग होतो.

वॉरंटी आणि विमा

हार्नेस कापून जोड मारला आणि पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी. म्हणून तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. एका बाजूला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला स्टिरिओचा, मध्ये काही कापायचं नाही.

विम्यात कंपनीने न दिलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आयएमटी-२४ नावाची वेगळी नोंद असते. ठरलेला दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. ४० हजारांच्या सेटअपला वर्षाला १६०० रुपये. ही नोंद नसेल तर चोरीत किंवा आगीत त्या सेटअपचे पैसे मिळत नाहीत. आणि आगीचं कारण तुमची जोडणीच निघाली तर अख्ख्या दाव्यावर वाद होऊ शकतो. बिल जपून ठेवा.

दुकानात गेल्यावर हे विचारा

• माझ्या मॉडेलचा कपलर आहे का, की वायर कापणार?
• हँडब्रेकची वायर कुठे जोडणार? दाखवा.
• बॅटरीवरून थेट लाईन ओढणार असाल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच लावणार ना?
• वायर किती चौरस मिलिमीटरची? तांब्याचीच आहे ना?
• चावी काढली की सगळं बंद होतं का?
• बिलावर मॉडेल आणि फिटिंग दोन्ही लिहून देणार ना?

ज्या फिटरला या प्रश्नांचा राग येत नाही, त्याच्याकडे काम द्या.

आमचं मत विचाराल तर, मुलांसाठी मागे स्विच आणि हेडरेस्टवर छोटी स्क्रीन, जरूर बसवा. नाशिक ते पुणे प्रवासात घरातली शांतता टिकते. प्लेस्टेशन आणि इन्व्हर्टर फक्त उभ्या गाडीसाठी, तेही जाड वायर आणि योग्य फ्यूज असेल तरच. ईव्हीमध्ये गाडीतून वीज बाहेर देण्याची व्हीटूएल सोय असेल तर तिथून चालवा, ते सगळ्यात बरं.

आणि तुमच्या गाडीत बायपास आधीच केलेला असेल, तर आज संध्याकाळी एक छोटी चाचणी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, पाय ब्रेकवर ठेवा, स्टिरिओवर एखादा व्हिडिओ लावा आणि हँडब्रेक सोडा. व्हिडिओ तसाच चालू राहिला तर उद्या दुकानात जा आणि ती बारीक वायर तिच्या जागेवर परत लावून घ्या. काढायला दहा मिनिटं लागली होती, लावायलाही तेवढीच लागतात.